पझेशनची पाच वर्षं संपायच्या आत ओल शोधून काढा

प्रश्न: सर, वाकडला फ्लॅट आहे, सप्टेंबरात पझेशनला ५ वर्षं होतील. भिंतीवर कुठंच डाग नाही, तरी चेक करायचं का?

हो, आणि पाऊस चालू आहे तोवरच करा. रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा, त्याच्या कलम १४(३) प्रमाणे पझेशन मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरला तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. ही ५ वर्षं पझेशनच्या तारखेपासून धरायची, अ‍ॅग्रीमेंटच्या नाही. डाग सगळ्यात शेवटी येतो हो, तोपर्यंत पाणी आत कधीचं मुरलेलं असतं. मागच्या पावसाळ्यात एका घरी वॉर्डरोब पुढं ओढला, रंग अगदी नवा दिसत होता पण स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या टाइल्सच्या पट्टीच्या) वर बोट फिरवलं तर मिठासारखी पांढरी पावडर बोटाला लागली, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेले क्षार, आणि भिंतीच्या पलीकडं बाथरूम. तुम्हीही तिथंच बघा, म्हणजे बाथरूमला लागून असलेली भिंत, खिडकीखालचे दोन्ही कोपरे, आणि बीम नि ब्लॉकची भिंत जिथं मिळते तो सांधा. ओल मोजायचा पिनवाला मॉइश्चर मीटर ऑनलाइन मिळतो, पण तो मुळात लाकडासाठी असतो म्हणून प्लास्टरवरचा आकडा खरी टक्केवारी समजू नका. आधी घरातल्या मधल्या कोरड्या भिंतीवर रीडिंग घ्या आणि त्याच्याशी बाकीच्या भिंती ताडून बघा. क्षार असले तरी आकडा चढतो, तेव्हा नुसत्या मीटरवर बिल्डरशी भांडायला जाऊ नका.

प्रश्न: ठाण्यात राहतो, पश्चिमेच्या भिंतीला बुरशी येते. बिल्डर म्हणतो तुम्ही खिडक्या बंद ठेवता म्हणून.

असं खरंच होऊ शकतं, पण ते तपासता येतं. भिंत वरून कोरडी पुसून घ्या, फूटभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावा, चारी कडा टेपनं पक्क्या बंद करा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. खोलीकडच्या बाजूला दव आलं तर हवा दमट आहे, फॉइलच्या मागं, भिंतीकडं पाणी आलं तर ओल भिंतीतूनच येतेय. मग बाहेरून पाइपनं पाणी मारायचं, आधी खिडकीच्या खाली पंधरा-वीस मिनिटं, मग बाजूनं, शेवटी वर. एकदम वरून मारलं तर सगळंच भिजतं आणि चीर नेमकी कुठंय ते कळत नाही. वरच्या मजल्यावर असाल तर स्वतः वाकून काहीही करू नका, दोरावर काम करणारी माणसं बोलवा.

प्रश्न: आमच्या बाथरूमच्या सिलिंगमधून थेंब पडतात. बिल्डर म्हणतो वरच्यांशी बोला.

वरच्या ताईंशी बोला जरूर, पण टेस्टसाठी. थेंब दिवसरात्र सारखे पडत असतील तर नळाला पाणी आणणाऱ्या प्रेशरच्या पाइपवर संशय घ्या, कोणी अंघोळ केल्यावरच पडत असतील तर ड्रेनेज किंवा वॉटरप्रूफिंग. वरच्या बाथरूमची नहाणी (पाणी वाहून जायचं जाळीचं तोंड) घट्ट बंद करून इंचभर पाणी भरा (उंबऱ्याच्या खालीच राहील एवढं), त्यात खायचा रंग टाका, पातळीला पेन्सिलनं खूण करा आणि २४ तास बाथरूम वापरू नका. खाली रंगीत पाणी आलं तर वॉटरप्रूफिंग गेलंय, आणि ते बिल्डरनंच केलेलं काम आहे. वरच्यांनी मधे टाइल्स बदलल्या असतील तर मात्र तो हात वर करणार, ते आधीच विचारून घ्या.

प्रश्न: थर्मल कॅमेरावाला बोलवावा का?

मोठं घर असेल तर उपयोग आहे. पण कॅमेरा तापमान दाखवतो, पाणी नाही. ओली जागा गार दिसते तशी एसीच्या पाइपची जागाही गार दिसते, त्यामुळं प्रत्येक गार डागावर मीटर लावून घ्या.

प्रश्न: बिल्डरनं दोनदा पोपडे खरवडून रंग मारून दिला, आता दोनच महिने उरलेत.

मला या गोष्टीचा फार राग येतो, रंग मारणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आजच लेखी कळवा, सुपरवायझरला फोन केला एवढ्यावर थांबू नका, कंपनीच्या पत्त्यावर स्पीड पोस्ट आणि ईमेल दोन्ही करा. पझेशनची तारीख, फोटो, रीडिंग, आधीच्या दोन दुरुस्त्यांच्या तारखा सगळं टाका आणि ओलीचं कारण शोधून द्या असं स्पष्ट लिहा. ३० दिवसांत काही झालं नाही तर महारेराकडं (रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडं) तक्रार करता येते. आणि काम झालं म्हणून कागदावर सही मागायला आले तर पाणी साठवून टेस्ट झाल्याशिवाय सही करू नका.