पिसं झडतायत म्हणून कोंबडी खात नाही, हे कोणी सांगितलं?

तुम्ही विचारलंय की परसातल्या गावरान कोंबड्यांपैकी दोघींची पिसं झडतायत, त्यातल्या एकीनं दोन दिवस दाण्याला चोच लावलेली नाही, आणि शेजारी म्हणतात, "झडतेय, आपोआप खायला लागेल." तर थांबायचं की औषध द्यायचं?

थांबू नका. आणि औषधही देऊ नका, निदान आजच नको. आधी कोंबडी हातात घ्या.

हे "आपोआप खाईल" वाक्य मी आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून चहा तसाच राहिला. आमचे धाकटे भावजी एके काळी अंड्यांच्या कोंबड्यांची शेड चालवायचे. त्या धंद्यात जुन्या कोंबड्यांचं अंडं कमी झालं की त्यांचा दाणा काही दिवस बंद करायचे. उपाशी ठेवलं की पिसं झडायची, वजन उतरायचं, आणि पुन्हा दाणा सुरू केला की अंड्यांचा नवा हंगाम धरायचा. 2011 साली भारतीय पशुकल्याण मंडळानं हे उपाशी ठेवणं बंद करायला सांगितलं. पण भावजींच्या डोक्यात पिसं झडणं आणि उपास ही जोडी कायमची बसली ती बसलीच. अहो, तिथं उपासामुळे पिसं झडत होती! पिसं झडली म्हणून कोंबडी उपास धरत नाही. उलट आजारी कोंबडीचं खाणं सुटलं की त्यामुळेच पिसं गळू शकतात. म्हणजे तुमचे शेजारी ज्याला कारण समजतायत तो कदाचित परिणाम असेल.

नेहमीची पीसगळ दिवस लहान व्हायला लागले की सुरू होते. आमच्याकडे कराडला जूनमधला तेरा तासांचा दिवस डिसेंबरात अकरावर येतो, आणि वर्ष-दीड वर्षाच्या पुढच्या कोंबड्या पावसाळा सरता सरता मानेपासून उघड्या पडायला लागतात. मग छाती, पाठ, पंख, शेपूट. दोन-तीन महिने चालतं. अंडं बंद, तुरा फिका आणि आक्रसलेला, अंगाला हात लावू देत नाही, कारण नव्या पिसांच्या कोंबात रक्त असतं आणि ते दुखतं. खाणं थोडं कमी होतं, कबूल. पण डबा वाजवला की ती येते. चार दाणे टिपते. डबा वाजवूनही कोपऱ्यात मान आखडून उभी राहणारी कोंबडी झडणारी नसते, आजारी असते.

आमची काजळी अशीच उभी होती. दिवाळी होऊन गेलेली, निम्मी पाठ उघडी, आणि दाण्याकडे बघायला तयार नाही. भावजी ओसरीवर होते. म्हणाले, "वहिनी, झडतेय ती. आणि तसंही आज रविवार आहे, मसाला वाटायला घ्या." आमच्या ह्यांनी पेपर जरा वर धरला, म्हणजे कोणाची बाजू घ्यायला नको.

मी तिला रात्री डालग्याखाली एकटीला झाकली, दाणा ठेवला नाही, फक्त पाणी. पहाटे उचलून गळ्याखाली, छातीच्या वर उजव्या अंगाला चाचपलं. तिथं अन्नाची पिशवी असते. रात्री खाऊन झोपलेल्या कोंबडीची ती फुगलेली असते आणि सकाळी रिकामी, सपाट लागते. काजळीची पिशवी सकाळीही घट्ट, मळून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी. म्हणजे खाली काही सरकतच नव्हतं. भूक कुठून लागणार?

पाणी पाजून, थेंबभर गोडं तेल चोचीच्या कडेला लावून हलक्या हातानं चोळून पाहिलं. गोळा मऊ होईना. (काही जण कोंबडी उलटी धरून पिशवी पिळायला सांगतात. करू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, वर आलेलं पाणी तिथंच शिरतं आणि कोंबडी हातात मरते.) मग तिला बाजाराच्या पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली. तिथं म्हशींची आणि शेळ्यांची रांग. कोंबडी बघून मोठे साहेब हसले, "बाई, हिच्या किमतीपेक्षा तुमचं पेट्रोल जास्त झालं असेल." झालंच होतं. मी रांगेतच उभी राहिले. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी तिथं भूल देऊन पिशवीला चीर दिली आणि आतून खताच्या पोत्याच्या शिलाईचा दोरा काढला, वाळक्या गवताला गुंडाळलेला, चांगला वीतभर पुंजका. टाके घातले. पुढे काही दिवस मऊ भाताची पेज, मग भिजवलेल्या कण्या. संक्रांतीनंतर ती पुन्हा अंड्यावर आली, आणि त्या अंड्याची पोळी पहिल्यांदा कोणी खाल्ली असेल? भावजींनी. वर मीठ कमी आहे म्हणाले.

तर तुम्हीही पहाटे पिशवी बघा. मग चोच उघडून आत बघा. देवी रोगाचे पिवळट चट्टे तोंडात असतील तर भूक असूनही गिळवत नाही. छातीचं मधलं हाड हाताला सुरीसारखं धारदार लागत असेल तर ती दोन दिवसांपासून नाही, बऱ्याच आधीपासून कमी खातेय, तुमच्या लक्षात आत्ता आलं इतकंच. शेपटीखाली पिसं बाजूला करून उवा बघा, आणि रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी बघा. गोचीड दिवसा तिथं लपतात आणि रात्री रक्त पितात. पेंग्विनसारखी ताठ उभी राहून जोर करत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. आणि ती खोप्यात फुगून बसून, हात नेला की गुरगुरत असेल तर ती आजारी नाही, खुडूक आहे, म्हणजे अंडी उबवायला बसलीय. खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठून खाते. तिच्या नाकात पीस खुपसायला सांगणारे आजोबा अजून गावोगाव आहेत, त्यांना नमस्कार करा आणि कोंबडी लांब ठेवा.

झडणाऱ्या दुसरीला नुसत्या ज्वारी-तांदळावर ठेवू नका. पिसाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग प्रथिनांचाच असतो आणि धान्यात प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपास. उकडलेलं अंडं कुस्करून, धुतलेली सुकट, वाळवी, शेवग्याचा पाला द्या. शेंगदाण्याची पेंड चालेल, पण बुरशीचा वास असेल तर उकिरड्यावर टाका, त्या बुरशीचं विष यकृत खातं. थंडीत उघड्या पाठीच्या कोंबडीला रात्री ऊब लागते, ती द्या.

औषधाचं म्हणाल, तर कृषी केंद्रातून प्रतिजैविकाची पुडी आणून पाण्यात कालवणं हा उपचार नाही. पिशवीत दोरा असेल तर पुडी काय करणार? मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, असेल तरी काही करणार नाही, तो विषाणू आहे. त्याला आधी दिलेली लसच कामाची. हळद-लसणानं नुकसान नाही, पण मानमोडी त्यानं बरी झालेली मी पाहिलेली नाही.

हे सगळं एकच कोंबडी सुस्त असेल तेव्हाचं, हे आधी सांगायला हवं होतं. एकदम दोन-चार बसल्या, मान वाकडी पडली, हिरवी हगवण लागली, तुरा निळा-जांभळा झाला किंवा शेजारच्याही मरायला लागल्या, तर चाचपणी वगैरे काही करू नका. हातात घेऊ नका, कापू नका, विकू नका. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लूनं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, 2021 ला परभणीच्या मुरुंब्यातही. सरळ जनावरांच्या सरकारी मदतीच्या 1962 या नंबरला फोन लावा. आणि एकटी असली तरी तिला बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, तिचं पाण्याचं भांडं वेगळं ठेवा, हाताळून झालं की हात साबणानं धुवा.

सकाळी पिशवी कशी लागली, हगवणीचा रंग काय आणि ती पाणी पिते का, एवढं खाली लिहा.