खान्देशातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांसाठी म्युझिक मॅगझिन काढायचंय, डिझाइनच्या आधी त्यांची आवड कशी शोधू?

"तुला काय आवडतं" असं विचारूच नका, मागच्या आठवड्यात काय ऐकलं ते विचारा आणि जमलं तर त्यांच्याच फोनवर यूट्यूबची हिस्टरी उघडून दाखवायला सांगा. मी धुळ्यात मासिकांचं लेआउट करतो, फॉर्मवर पोरं भारी वाटेल ते लिहितात, हिंदी रॅप, इंग्लिश बँड वगैरे, आणि फोनमध्ये बघावं तर लग्नात डीजेवर वाजलेली अहिराणी गाणी सगळ्यात वर, म्हणून अहिराणीचा पर्याय यादीत हवाच हवा, तो बरेच जण विसरतात. आधी २५-३० जणांना ८-१० प्रश्नांचा छोटा फॉर्म द्या, मग त्यातल्या ५-६ जणांशी एकेकट्याने बोला, कारण घोळक्यात एक बोलला की बाकीचे मान डोलावतात. मुलींशी वेगळं बोला. शेवटी कव्हरचे दोन कच्चे नमुने प्रिंट काढून समोर ठेवा आणि नजर आधी कुठे जाते, कोणतं उचलतात ते बघा, रंग आणि फॉन्टचं उत्तर तिथेच मिळतं. फक्त हे सगळं जळगावच्या एकाच क्लासमध्ये केलं तर ते त्या क्लासचंच मत झालं, साक्री, नवापूर, शहाद्याकडची मुलं पण घ्या.