वडिलांच्या छातीच्या एक्सरेत डाग, थुंकीत टीबी नाही. मग कॅन्सर असू शकतो का?

असू शकतो. वडील ५८ वर्षांचे, पन्नाशीपर्यंत बिडी ओढलेली आणि टीबीच्या गोळ्या दोन महिने घेऊनही डाग तसाच, तर आता थांबू नका.

फुफ्फुसाचा कॅन्सर एकाच रूपात दिसत नाही. ३ सेंटीमीटरपर्यंतच्या गोल डागाला गाठ म्हणतात, त्याहून मोठा असेल तर गोळा. कडा बाभळीच्या काट्यांसारख्या बाहेर आल्या असतील तर संशय दाट. मध्ये पोकळी असली की आपल्याकडे लगेच टीबी समजतात. पण पोकळीची भिंत १५ मिलिमीटरहून जाड असेल तर कॅन्सरची शक्यता जास्त. कधी तो न हटणाऱ्या न्यूमोनियासारखा दिसतो, कधी नुसतं छातीत पाणी. अगदी वरच्या टोकाचा डाग हमखास फसवतो, कारण तिथे हाडांची सावली पडते. सोबत खांदा-हात दुखत असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

सेवाग्रामच्या रुग्णालयात किंवा नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला सीटी स्कॅन करून घ्या. जुन्या एक्सरे फिल्म न्याच. वाढ त्यावरूनच कळते. मात्र नक्की निदान डागाचा छोटा तुकडा काढून तपासूनच (बायोप्सी) होतं.