इंग्रजी कच्चे असलेले नवे योगदानकर्ते आमच्या ओपन सोर्स प्रकल्पात टिकत नाहीत, काय करावे?

आपण लिहिले आहे की नवी मुले उत्साहाने येतात, एखादा इश्यू, म्हणजे चूक किंवा सूचना मांडणारी नोंद, उघडतात आणि पहिल्या-दुसऱ्या उत्तरानंतर दिसेनाशी होतात. त्यांचे इंग्रजी सुधारण्यासाठी काय करता येईल, असा आपला प्रश्न आहे. मी नागपुरात राहते आणि देवनागरी फॉन्टच्या एका मुक्त, म्हणजे ओपन सोर्स, प्रकल्पात मेंटेनर (आलेले बदल तपासून स्वीकारणारी) म्हणून काम करते. माझे स्पष्ट मत असे की सुधारणा त्यांच्या इंग्रजीत नव्हे, आपल्या उत्तरांत हवी.

माझ्या पहिल्या पुल रिक्वेस्टवर (आपण केलेला बदल प्रकल्पात घेण्याच्या विनंतीवर) रिव्ह्यू, म्हणजे तपासणी, करणाऱ्याने ‘एलजीटीएम, मोड्युलो निट्स’ एवढेच लिहिले होते. ‘मोड्युलो’ मला भागाकारातील बाकीपुरता ठाऊक होता आणि ‘निट्स’चा अर्थ शब्दकोशात ‘लिखा’ असा निघाला. काम नापसंत पडले असे समजून मी दोन दिवसांनी ती रिक्वेस्ट स्वतःच बंद केली. ‘काम चांगले आहे, दोन किरकोळ दुरुस्त्या करा म्हणजे घेतो’ हा त्याचा खरा अर्थ (‘एलजीटीएम’ म्हणजे ‘लुक्स गुड टू मी’) मला फार उशिरा कळला, आणि तो पूर्ण वाक्यात लिहायला त्या सद्गृहस्थांना अर्धे मिनिटही लागले नसते.

आमच्या प्रकल्पात नंतर नेमके उलट्या बाजूने हेच घडले. घरी वऱ्हाडी, बाजारात हिंदी आणि वर्गात इंग्रजी ऐकत वाढलेल्या येथील एका विद्यार्थ्याने तीन मोडक्या ओळींचा इश्यू टाकला आणि त्यावर ‘कृपया स्पष्ट लिहा’ असे उत्तर गेले. मी त्याला मराठीत लिहायला सांगितले, तेव्हा त्याने दोन परिच्छेदांत सारे उलगडून दाखवले: ‘वऱ्हाड’ लिहिताना ‘ऱ’, हलन्त आणि ‘ह’ हा क्रम बरोबर असूनही फॉन्ट अर्ध्या ‘र’ऐवजी वरचा रफार काढत होता, त्यामुळे ‘आचाऱ्यांना’ मजुरी द्यायची की ‘आचार्यांना’ दक्षिणा, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग उरत नव्हता. हा दोष उत्तम इंग्रजी लिहिणाऱ्या कोणत्याही परदेशी मेंटेनरच्या नजरेस पडला नसता. मी खाली दोन ओळींचा इंग्रजी सारांश जोडला आणि त्या आठवड्यात दुरुस्ती झाली.

म्हणून इश्यू कोणत्याही भाषेत स्वीकारला जाईल, असे रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये, स्वच्छ लिहावे, आणि इश्यूच्या नमुन्यात निबंध मागण्याऐवजी काय केले, काय दिसले, काय दिसायला हवे होते आणि स्क्रीनशॉट, एवढेच विचारावे. दस्तऐवजातील व्याकरणाच्या चुकांसाठी रिक्वेस्ट परत पाठवू नये. त्या चुका मर्ज करताना, म्हणजे बदल प्रकल्पात सामावून घेताना, मेंटेनरने स्वतः दुरुस्त कराव्यात. लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) प्रकल्पाने २०१८ मध्ये आचारसंहिता स्वीकारली, तशी आपल्याकडेही असावीच, कारण अपमान रोखायला ती लागते. मात्र आपल्याकडून निघून जाणाऱ्या मुलांचा बहुधा कोणी अपमान केलेला नसतो, त्यांना फक्त उत्तर कळलेले नसते.

भाषांतराकडे दुय्यम काम म्हणून पाहू नये, हे मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे. कर्नलच्या मूळ कोडसोबतच चिनी, जपानी, कोरियन, इटालियन अशा भाषांतील दस्तऐवज ठेवलेले असतात, आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाने २०१७ मध्ये दस्तऐवजांच्या भाषांतरांसाठी रीतसर नियम ठरवले. रुबी ही प्रोग्रामिंग भाषा १९९५ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिची बरीचशी चर्चा जपानीत चाले. तेथे परके होते ते इंग्रजी बोलणारे. भाषांतर करणाऱ्याला मूळ मजकुरातील संदिग्ध वाक्ये सर्वांत आधी सापडतात, त्यामुळे त्याला केवळ आभाराच्या यादीत न टाकता रिव्ह्यूचा अधिकारही द्यावा.

बैठकांचेही पाहावे. युटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे सायंकाळी पाचला ठेवलेली बैठक आमच्याकडे रात्री साडेदहाला सुरू होते, आणि वेगाने बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत मुद्दा मांडायची संधी येईपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो. आम्ही विषयपत्रिका दोन दिवस आधी लावतो, लेखी मत बैठकीत प्रथम वाचतो आणि निर्णय तीन दिवस खुला ठेवतो. ज्या विद्यार्थ्याने ‘वऱ्हाड’ दुरुस्त करून घेतले, तो अजून बैठकीत बोलत नाही, पण त्याचे लेखी मत प्रत्येक वेळी आलेले असते.