ध्रुवीय नेतृत्वाचा अभ्यास: सुरुवात कुठून कराल?

या अभ्यासक्रमाला आलात, फार बरं वाटलं. सगळ्या मोहिमा एकदम वाचायला घेऊ नका. आधी एकच घ्या: ब्रिटिश शोधप्रवासी अर्नेस्ट शॅकल्टनची १९१४ची अंटार्क्टिका मोहीम.

नवे विद्यार्थी हमखास दोन ठिकाणी चुकतात:

- फक्त शॅकल्टनकडे बघतात. जहाज बुडाल्यावर शॅकल्टन मदत आणायला गेला, तेव्हा मागे एलिफंट बेटावर, उलट्या ठेवलेल्या दोन होड्यांखाली, चार महिन्यांहून जास्त काळ सगळ्यांना धीर देत राहिला तो त्याचा उपनेता फ्रँक वाइल्ड. मला तर खरं नेतृत्व तिथंच दिसतं.
- ‘एकही माणूस दगावला नाही’ असं लिहून मोकळे होतात. त्याच मोहिमेच्या, अंटार्क्टिकाच्या दुसऱ्या बाजूला रॉस समुद्राकडे पाठवलेल्या तुकडीतले तिघे दगावले.

दक्षिण ध्रुवावर आधी पोहोचायच्या शर्यतीतल्या अमुंडसेन आणि स्कॉट यांची तुलना नंतर करू. जाहीर व्याख्यानांना मात्र वही घेऊन जा आणि बिनधास्त विचारा: निर्णय घेतला त्या क्षणी नेत्याला नेमकं काय माहीत होतं?