दंडातला उंदीर

प्रश्न : म्हापशात एका हॉटेलच्या मेनूकार्डवर रवा लावून तळलेल्या शिनाण्यांना (खाण्याच्या शिंपल्यांना) ‘मसल्स’ म्हटलेलं, आणि माझा मुलगा जिमला जातो तोही मसल्सच करतो. हे दोन्ही एकच शब्द का?

उत्तर : ताई, स्पेलिंग वेगळं आहे पण मूळ एकच, लॅटिनमधला ‘मुस्कुलुस’, म्हणजे छोटा उंदीर! मुलाला हात कोपरातून दुमडून मूठ आवळायला सांगा आणि दंडाकडे नीट बघा, कातडीखाली काहीतरी गोळा होऊन सरकल्यासारखं दिसतं ना, लॅटिन बोलणाऱ्यांना तिथे उंदीर दिसला आणि आपल्या लोकांना बेडूक, म्हणून तर आपण त्याला बेटकुळी म्हणतो. मला तर आपला शब्द जास्त आवडतो, कारण ती टुणकन वर येते अगदी बेडकासारखीच. शिनाण्यांनाही लॅटिनमध्ये हेच नाव होतं, लांबट काळपट शिंपला बघितला की पटतंच. ग्रीकमध्येही ‘मिस’ म्हणजे उंदीर आणि स्नायू दोन्ही, डॉक्टर स्नायूदुखीला मायाल्जिया म्हणतात त्यातला ‘माय’ तोच. आणि आपला मूषक, लॅटिनचा ‘मुस’, इंग्रजीतला माऊस हे सगळे एकाच घराण्यातले, म्हणजे बाप्पाचं वाहन आणि जिममधला मसल नात्यातले निघाले बघा.

शरीरातल्या मसलच्या स्पेलिंगमध्ये सी आहे तो उच्चारत नाहीत, पण मस्क्युलर म्हणताना ‘क’ स्पष्ट ऐकू येतो. शिनाण्यांच्या मसलमध्ये मात्र डबल एस.