पुण्याची लोकसंख्या : तीन आकडे, खरा कोणता?

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीची गणेशोत्सवाची स्मरणिका निघतेय. त्यातल्या पुण्यावरच्या लेखासाठी 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या शोधली. एका साइटवर 31,15,431, दुसरीवर 31,24,458, तर तिसरीवर चक्क 50,57,709! जो आकडा जास्त ठिकाणी दिसतो तोच छापा, असं कमिटीतले म्हणतात. नेटवर विश्वास ठेवावा तरी कुणावर?
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : कमिटीचं ऐकू नका, एवढं आधी सांगते. नेटवरची पानं एकमेकांवरून उतरवलेली असतात. एकाने कुठून तरी आकडा घेतला आणि वीस जणांनी तो उचलला, तरी साक्षीदार एकच. वाचनालयाच्या संदर्भ विभागात माझं आयुष्य गेलं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली स्पर्धा परीक्षेची मुलं अशाच आकड्यांवरून हमरीतुमरीवर यायची. त्यांना मी एकच विचारायची, ‘हे पहिल्यांदा मोजलं कुणी?’

तुमच्या बाबतीत मोजणारं खातं एकच, जनगणनेचं. आणि गंमत म्हणजे तुमचे तिन्ही आकडे त्याच खात्याचे आहेत! 31,15,431 हा महापालिका हद्दीचा तात्पुरता आकडा. मोजणी झाल्या झाल्या, 2011 मध्येच तो जाहीर झाला. सगळे तक्ते तपासून झाल्यावर अंतिम आकडा आला 31,24,458. फरक नऊ हजारांचा. ज्यांनी आपलं पान आधी लिहिलं आणि पुन्हा उघडून पाहिलं नाही, त्यांच्याकडे जुना आकडा तसाच राहिला. 50,57,709 हा मात्र नागरी समूहाचा आकडा. त्यात पिंपरी-चिंचवड आलं, कटक मंडळं (म्हणजे लष्कराची कॅन्टोन्मेंट) आली. म्हणजे आकडा बरोबर, पण ‘पुणे’ कशाला म्हटलंय ते वेगळं.

म्हणून आकड्याबरोबर तीन गोष्टी बघायची सवय लावून घ्या: वर्ष, हद्द, आणि तात्पुरता की अंतिम. हद्दीकडे तर आपण पुणेकरांनी डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वगळली. 2011 चा आकडा आजच्या हद्दीला लावता येणार नाही. 2021 ची जनगणना तर कोविडमुळे पुढे गेली. त्यामुळे ‘आज पुण्याची लोकसंख्या इतकी’ असं कुणी छातीठोकपणे लिहिलं असेल, तर तो अंदाज आहे, मोजणी नव्हे.

आता ठिकाणांबद्दल. जनगणनेसाठी थेट सेन्सस इंडियाच्या सरकारी साइटवर जा. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, ते बघा. नावात सेन्सस असलेल्या पुष्कळ साइट खासगी आहेत. विकिपीडियाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. वाक्यापुढचा बारीक आकडा दाबा, खालची तळटीप उघडा आणि मूळ कागद गाठा. तळटीपच नसेल तर ते वाक्य स्मरणिकेत घेऊ नका.

मराठी विश्वकोश आता नेटवर फुकट वाचता येतो, हे अजून कितीतरी घरांत ठाऊक नाही याचं मला फार वाईट वाटतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभं केलेलं हे काम. पहिला खंड 1976 चा. कुठलीही नोंद उघडून तळाशी जा: तिथे बहुधा लिहिणाऱ्याचं नाव असतं, आडनाव आधी. लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी कुणीतरी घेतलेली असते. शनिवारवाड्याची पायाभरणी 1730 ची, पानशेतचा पूर 12 जुलै 1961 चा, असल्या न बदलणाऱ्या गोष्टींसाठी आधी तिकडे वळा. लोकसंख्येसाठी मात्र नाही. छापील खंड ज्या काळात निघाले, आकडे त्याच काळातले.

स्मरणिकेत असं छापा: ‘पुणे महानगरपालिका क्षेत्र : 31,24,458 (जनगणना 2011, अंतिम आकडेवारी, तेव्हाच्या हद्दीनुसार)’. ओळ लांब झाली म्हणून मुद्रक कंस काढायला सांगेल. ऐकू नका, वाटल्यास अक्षर बारीक करायला सांगा.